दिवाळीतील किल्ला व चित्रे

दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील मुले घराच्या अंगणात माती, दगड, विटा इ. साहित्यातून डोंगरी किल्ल्याची जी लहान प्रतिकृती उभारतात, तिला नुसते ‘किल्ला’ असे म्हणतात. तिच्यावर मांडावयाच्या माणसांच्या व प्राण्यांच्या रंगीत लघुमूर्तींना पश्चिम महाराष्ट्रात ‘चित्रे’ हे नाव रूढ आहे. चित्रांत सैनिकांची संख्या सर्वांत अधिक असल्याने त्या सर्वांनाच कित्येकदा ‘मावळे’ म्हटले जाते. भूप्रदेशाची लहान प्रमाणावरील रचना आणि तीवर मांडलेले रंगीत सैनिक ही दोन्ही अंगे यूरोपातील मेजावरच्या युद्धखेळांतही आढळतात. तथापि त्या खेळांत सैनिक नियमानुसार लढतात, तर दिवाळीच्या किल्ल्यावर लढाई होत नाही. किल्ला बांधणे आणि मांडणे हाच येथे खेळ होय. या प्रथेचे स्वरूप, तिच्यातील कारागिरी व तिच्यात झालेले बदल यांचा विचार या फरकाच्या अनुषंगाने करणे सोयीचे ठरते.

प्रसार व तत्सम प्रथा : किल्ला करण्याची प्रथा पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत आणि मुंबई-ठाणे परिसरातील मराठी वस्तीत विशेष दिसते. सहामाही परीक्षा संपून शाळेला सुटी लागली, की बांधकामास आरंभ होतो. वसुबारस ते भाऊबीज या काळात किल्ला पूर्ण सजलेला असतो व रात्री त्यावर पणत्या लावतात. काही घरांत तो तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. मूर्ती व लघुवस्तू यांची सणानिमित्त मांडणी करण्याच्या प्रथा भारतात अन्यत्रही आहेत. तमिळनाडूत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या मांडणीस ‘कोलू’ म्हणतात. कर्नाटकात म्हैसूरकडे दसऱ्याला अशीच बाहुल्यांची आरास करतात. बिहार व उत्तर प्रदेशात दिवाळीला मुली मातीचे ‘घरौंदा’ नावाचे छोटे घर करतात. महाराष्ट्रातही चैत्रगौरीपुढील आरास सर्वपरिचित आहे. यांपैकी बहुतेक प्रथा घरातील स्त्रियांच्या हाती असून त्यांत देवतापूजनाचा भाग असतो. दिवाळीच्या किल्ल्यास मात्र पूजाविधी नाही. तो मुलांनी, बहुधा आळीतील सवंगड्यांनी मिळून, घराबाहेर केलेला उद्योग असतो. एकेकाळी तो मुख्यत्वे मुलग्यांचा मानला जाई. आता मुलीही त्यात बरोबरीने भाग घेतात.

जमीन व बांधणी : किल्ल्यासाठी भिंतीलगतचा कोपरा निवडण्याची पद्धत आहे. त्यामुळे मागील बाजूस आधार मिळतो व माती कमी लागते. प्रथम दगड, विटांचे तुकडे, फुटकी कौले, जुने डबे यांचा ढीग रचून डोंगराचा ढोबळ आकार करतात. या ढिगात पोकळ्या राखल्यास त्यांच्या पुढे गुहा व भुयारे होतात. त्यावर गोणपाट टाकतात. मातीच्या दाट राड्यात बुडवून काढलेले गोणपाट ढिगावर पसरले, की त्याला आपोआप चुण्या पडतात आणि वाळल्यावर त्या कडेकपारींसारख्या दिसतात. शिवाय गोणपाटाच्या विणीमुळे उभ्या उतारावरही माती टिकून राहते.

मातीची निवड अनुभवाने केली जाते. सांगली-मिरज परिसरातील कृष्णाकाठची काळी माती चिकट असून तिला आकार चांगला देता येतो. परंतु तिच्यातील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळताना आकसतात, त्यामुळे तिच्या थरास मोठ्या भेगा पडतात. त्यावर उपाय म्हणून तीत वाळू, भुसा किंवा शेण मिसळतात. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार होणारा मुरूम भेगाळत नाही, पण त्यात चिकटपणा कमी असतो. म्हणून आतील भरावास मुरूम व बाहेरील लेपास चाळलेली माती अशी विभागणी केल्यास किल्ला अधिक टिकतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावर जांभ्यापासून झालेली तांबडी माती मिळते. तिचा रंगच डोंगरास साजेसा असल्याने वेगळा रंग द्यावा लागत नाही.

लेप ओला असतानाच तट, बुरूज, पायऱ्या व वाटा कोरतात. बुरुजांसाठी लहान डबे किंवा पुठ्ठ्याच्या नळ्या मातीने लिंपतात. तटावरील चर्या पत्त्याच्या आकाराच्या पुठ्ठ्यातून कातरतात अथवा मातीतून सुरीने कापतात. तळ्यासाठी पसरट भांडे पुरतात किंवा आरशाचा तुकडा बसवतात. डोंगरावरील हिरवळ पेरून उगवतात. त्यासाठी अळीव, मोहरी, नाचणी, गहू यांचा उपयोग होतो. यांत अळिवास प्राधान्य देण्यास कारण आहे. अळिवाचे बी भिजताच त्याभोवती बुळबुळीत चिकट वेष्टण तयार होते व बी उतारावर जागच्या जागी चिकटून राहते. गोल मोहरी मात्र घरंगळून पायथ्याशी गोळा होते. ओलावा टिकल्यास अळीव तीन-चार दिवसांत हिरवा दिसू लागतो, गहू व नाचणी यांस त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. दिवाळीला हिरवळ बोटभर असावी म्हणून पेरणीचा दिवस मोजून ठरवावा लागतो. पाणी देताना ते शिंपडावे लागते, ओतल्यास लेप वाहून जातो.

चित्रे : पारंपरिक चित्रे मातीची असतात. पणत्या, बोळकी आणि गणेशमूर्ती करणारे कुंभारच ती घडवतात व दिवाळीपूर्वी बाजारात आणतात. बहुतेक चित्रे दोन भागांच्या साच्यात काढलेली असतात. पुढचा व मागचा भाग स्वतंत्रपणे दाबून काढल्यावर कडांना पातळ मातीचा लेप देऊन ते जोडतात आणि सांधा ओल्या बोटाने पुसून घेतात. साचा कोरडा व पाणी शोषणारा असल्याने माती किंचित आकसून त्यापासून सुटते. हात पसरलेले किंवा भाला उंचावलेले चित्र साच्यातून अखंड निघणे कठीण असते. म्हणून हात शरीराशी जुळते ठेवतात आणि भाल्यासाठी मुठीत छिद्र ठेवून त्यात बांबूची काडी किंवा तार बसवतात. मातीच्या मावळ्याची उभे राहण्याची ठरावीक ढब पुष्कळ अंशी या साच्याच्या मर्यादेतून आलेली आहे.

वाळलेल्या चित्रावर प्रथम खडूची पूड व सरस यांचे पांढरे अस्तर देतात. त्यामुळे मातीची छिद्रे बुजतात व वरचे रंग उजळ दिसतात. नंतर त्वचेचा रंग, अंगरखा, पागोटे, शेला व कंबरपट्टा या क्रमाने रंग भरतात. एक रंग सर्व चित्रांना लावून झाल्यावर दुसरा घेतात, म्हणजे हात बसतो व रंग वाया जात नाही. डोळे, मिशा व कपाळावरील गंध ही कामे बारीक कुंचल्याने अखेरीस होतात. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मावळ्यांचे चेहरे निराळे वाटतात, ते या शेवटच्या चार-पाच फटकाऱ्यांमुळे. पूर्वी गेरू, पिवडी, नीळ, काजळी यांसारखी रंगद्रव्ये डिंकात किंवा सरसात कालवून वापरीत. पुढे तैलरंग आणि अलीकडे ॲक्रिलिक रंग प्रचारात आले. न रंगवलेली किंवा रंग उडालेली चित्रे घरीच रंगवण्याचा उद्योगही मुले करतात.

चित्रांत सिंहासनस्थ छत्रपती शिवाजी महाराज, भालदार-चोपदार, ढालतलवार घेतलेले मावळे, घोडेस्वार, तोफा व गोलंदाज यांखेरीज गवळण, शेतकरी, भाजीवाली, वासुदेव, हत्ती, गाईबैल यांचाही समावेश असतो. गुहेच्या तोंडाशी वाघ ठेवण्याचा प्रघात आहे. गवळणीचे चित्र पाहणाऱ्यास रायगडावरील हिरकणीच्या आख्यायिकेची आठवण करून देते. विसाव्या शतकात यांत बंदूकधारी जवान, रणगाडे व मोटारी यांची भर पडली. ती कालविपर्यस्त असली, तरी मुलांना त्याची फारशी अडचण वाटत नाही.

दिवाळी संपल्यावर किल्ला मोडतात, काही ठिकाणी तो फटाके लावून उडवण्याची हौसही असते. चित्रे मात्र धुऊनपुसून, कागदात किंवा पेंढ्यात गुंडाळून खोक्यात ठेवतात व दरवर्षी त्यांत थोडी भर घालतात. अशा रीतीने घरोघरी जमलेल्या संग्रहात आजोबांच्या वेळची मातीची, वडिलांच्या वेळची प्लॅस्टरची आणि नातवाची प्लॅस्टिकची चित्रे एकत्र आढळतात. मोडलेल्या भाल्याचा मावळा तटाआड उभा करून त्याचे व्यंग झाकण्याची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

प्रमाण : किल्ला व चित्रे यांचे प्रमाण एक नसते. डोंगराची पायथ्यापासूनची उंची ३०० मी. धरून तो १ मी. उंच केला, तर प्रमाण १ : ३०० होते, या प्रमाणात १६८ सेंमी. उंचीचा मनुष्य जेमतेम ५·६ मिमी. भरेल. उलट १० सेंमी. उंचीच्या मावळ्याचे प्रमाण सु. १ : १७ पडते व त्या प्रमाणात तोच डोंगर १७ मी.हून उंच करावा लागेल. दोन्ही एकाच वेळी साधणे अंगणात शक्य नसल्याने दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा दिसतो. ही चूक समजण्याचे कारण नाही. महाराजांचे चित्र सर्वांत मोठे, मावळे मध्यम व पायथ्याची खेडुते लहान, असा क्रम अनेक ठिकाणी पाळला जातो. आकृतीचा आकार तिच्या महत्त्वानुसार ठरवण्याचा संकेत भारतीय चित्रकलेत व शिल्पकलेतही दृष्टीस पडतो. जाणती मुले पायथ्याशी मोठी व माथ्यावर लहान चित्रे मांडून डोंगर उंच असल्याचा आभास निर्माण करतात.

दुर्गरचनेचे ज्ञान : किल्ला काल्पनिक असू शकतो किंवा प्रत्यक्ष किल्ल्याची प्रतिकृती असू शकतो. सातारा-सांगली भागात आदर्श शोधण्यास दूर जावे लागत नाही. साताऱ्यातील मुलांना अजिंक्यताऱ्याचा लांबट सपाट माथा घरातूनच दिसतो. जवळच सज्जनगड आहे. सांगली जिल्ह्यात मच्छिंद्रगड, प्रचितगड व बाणूरचा भूपाळगड हे डोंगरी किल्ले आहेत. मिरजेचा किल्ला भुईकोट असून १६६० च्या आरंभी शिवाजी महाराजांनी त्यास वेढा घातला होता. सांगली शहरातील गणेशदुर्गही भुईकोटच होय. भुईकोटाची प्रतिकृती करताना डोंगराऐवजी खंदकाकडे लक्ष द्यावे लागते. पाण्याच्या परातीत उभारलेला जलदुर्ग हा तिसरा प्रकार.

प्रतिकृतीसाठी प्रतापगड विशेष लोकप्रिय आहे. १६५६ मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ झाला व १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट व त्यानंतरचे युद्ध घडले. बालेकिल्ला, त्याखालील तटबंदी आणि भोवतालचे दाट अरण्य यांची मांडणी करताना, मोठे सैन्य जावळीच्या खोऱ्यात का अडचणीत आले हे मुलांच्या सहज ध्यानात येते. राजगड करणाऱ्यास पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्यांची दिशा ठरवावी लागते. महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपवून वाट वळवली, म्हणजे हल्लेखोरास दरवाजावर सरळ धाव घेता येत नाही, या गोमुखी रचनेचे मर्म ती हाताने घडवताना अधिक स्पष्ट होते. तसेच माथ्यावर टाके केल्याशिवाय गडावर शिबंदी राहू शकत नाही आणि चोरदिंडी कोणत्या बाजूस असावी यास कारण असते, या गोष्टी पुस्तकातील वर्णनापेक्षा मातीत लवकर समजतात. अनेक गावांतील मंडळे व संस्था किल्लेस्पर्धा भरवतात. त्यांत रचनेइतकेच मुलांनी सांगितलेल्या माहितीस महत्त्व देतात. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसायादीत समावेश केला. त्यांत प्रतापगड, पन्हाळा, राजगड व रायगड हे या प्रतिकृतींतून नेहमी दिसणारे किल्ले आहेत.

युद्धखेळाशी तुलना : युद्धाचे प्रतिरूप पटावर मांडण्याची कल्पना भारतात चतुरंगाच्या रूपाने प्राचीन काळापासून होती [→ बुद्धिबळ]. मात्र चतुरंगाचा पट सपाट असून त्यात नदी वा टेकडी नाही. यूरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस भूप्रदेशाचा पटात समावेश करण्याचे प्रयत्न झाले. जर्मनीतील हेलविख याने १७८० मध्ये असा एक खेळ प्रसिद्ध केला. १८१२ मध्ये राइसविट्झ याने प्रशियाच्या राजासाठी एक मेज तयार केले. त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते व गावे दाखवणारे सुटे तुकडे हवे तसे जुळवता येत. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्यास नकाशा, फासे व पंच यांची जोड देऊन तो सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे साधन बनविला. खेळण्यातील सैनिकांना घेऊन असाच खेळ सामान्य लोकांनी खेळावा, ही कल्पना इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये लिट्‌ल वॉर्स या पुस्तकात मांडली. त्यात पायदळ एका चालीत एक फूट व घोडदळ दोन फूट सरके आणि लाकडी गोळ्या उडविणाऱ्या छोट्या तोफांनी शत्रूचे सैनिक पाडावयाचे असत. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यात १८९३ पासून पोकळ ओतीव शिशाचे स्वस्त सैनिक निघू लागल्यामुळे हा छंद शक्य झाला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकचे व मिश्रधातूचे लहान सैनिक विपुल होऊन इंग्लंड-अमेरिकेत त्याचा मोठा प्रसार झाला. त्यांत ५४ मिमी. (सु. १ : ३२), २८ मिमी. (सु. १ : ६०), १५ मिमी. (सु. १ : १००) व ६ मिमी. (सु. १ : ३००) अशी मापे रूढ आहेत.

या छंदातील रंगकाम कुंभाराच्या रंगकामाहून वेगळ्या तत्त्वावर आधारलेले आहे. इतक्या लहान मूर्तीवर पडणाऱ्या प्रकाशाने पुरेशी छाया निर्माण होत नाही, म्हणून छाया रंगानेच दाखवावी लागते. मूळ रंग वाळल्यावर पातळ गडद रंग देतात, तो खाचांत उतरतो. नंतर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग उंचवट्यांवर घासतात. कुंभाराचे चित्र चार पावलांवरून व पणतीच्या उजेडात पाहावयाचे असल्याने त्यात सपाट तेजस्वी रंग व ठळक रेषा पुरेशा होतात. टेकड्या, झाडे, घरे यांसाठी युद्धखेळाचे शौकीन फोम, प्लॅस्टर, बूच, रंगवलेला लाकडाचा भुसा वापरतात. हे तुकडे सुटे व टिकाऊ असून मित्र जमले, की दरवेळी नव्या रणभूमीच्या रूपात मांडले जातात. दिवाळीच्या किल्ल्यात हे उलट असते. तेथे सैनिक टिकतात व भूमी दरवर्षी नव्याने घडवावी लागते.

दुसरा महत्त्वाचा फरक शत्रूविषयी आहे. युद्धखेळास दोन पक्ष लागतात. अफझलखानाच्या भेटीसारख्या प्रसंगांचे देखावे सोडल्यास दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रूची चित्रे सहसा नसतात. पहारे बसलेले आहेत, सदर भरली आहे, गवळण गडावर दूध घेऊन चालली आहे, पायथ्याशी शेतकरी नांगरतो आहे, असे सुस्थितीतील राज्याचे दृश्य त्यात असते. चढाओढ होते ती शेजारच्या आळीतील किल्ल्याशी, आणि तिचा निकाल बघणाऱ्यांच्या बोलण्यातून लागतो.

बदलते स्वरूप : कुपवाड हे सांगली व मिरज यांच्या शेजारचे मूळचे खेडे. औद्योगिक वसाहतीमुळे त्याची वाढ झाली व १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत त्याचा समावेश झाला. अशा गावांत किल्ल्याच्या प्रथेपुढील अडचण स्पष्ट दिसते. जुन्या गावठाणात अंगण आणि माती या दोहोंची वाण नसते. शेतांच्या जागी भूखंड पडून घरे व सदनिका उभ्या राहिल्या, की अंगणाची जागा फरशी घेते आणि पाटीभर मातीही बाहेरून आणावी लागते. किल्ला मग गच्चीवर, जिन्याखाली किंवा सज्जात होतो. गोणपाटाऐवजी कागद व पुठ्ठा येतो. बाजारात प्लॅस्टरचे वा अन्य पदार्थांचे तयार रंगीत किल्ले मिळतात. ते आणून मांडण्यास घटकाभर पुरतो. थर्मोकोलचा वापरही वाढला होता, परंतु २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सजावटीसाठीच्या थर्मोकोलवर बंदी घातली.

चित्रांच्या बाबतीत प्लॅस्टर ऑफ पॅरिसने मातीची जागा मोठ्या प्रमाणात घेतली आहे. जिप्सम तापवून केलेली ही पूड पाण्यात कालवून साच्यात ओतल्यावर थोड्याच वेळात घट्ट होते. त्यामुळे काम जलद होते, मूर्ती हलकी व रेखीव निघते. मातीप्रमाणे ती पाण्यात विरघळून जात नाही व पुन्हा वापरताही येत नाही. मातीचे चित्र मोडल्यास ते किल्ल्याच्याच मातीत मिसळून जाते. मातीच्या चित्रास सुकवण्यास दिवस लागतात व वाहतुकीत तूट होते, म्हणून कुंभारास ते परवडेनासे झाले आहे. त्यास मागणी राहिली, तरच हे साचे वापरात राहतील.

या बदलांचा खरा परिणाम मुलांच्या उद्योगावर होतो. तयार किल्ल्यावर चित्रे पूर्वीसारखीच शोभून दिसतात; परंतु माती कोठून आणावी, दरवाजा कोणत्या अंगास ठेवावा, पाणी कोठे साठवावे, यांविषयी सवंगड्यांत होणारा वाद त्यात राहत नाही. शाळांच्या पटांगणांत, वसाहतींच्या मोकळ्या जागांत आणि मंडळांच्या स्पर्धांत सामुदायिक किल्ले बांधण्याची पद्धत वाढत आहे, ती या दृष्टीने उपकारक आहे. एका घराला न मिळणारी जागा व माती अनेक घरांच्या मुलांना मिळून मिळवता येते, आणि प्रत्येकाच्या खोक्यातील चित्रे एकाच गडावर उभी राहतात.